वाचले म्हणून सांगितलं

१२ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. कोंबडीनं मातीत पाय ओढावेत असं अक्षर आपल्या आख्ख्या घराण्यात एकाचंच. तरी फोडलंस, यातच मिळवली.

फोन का नाही केला? केला असता तर तू "बरा आहेस ना" म्हणणार, मी "हो" म्हणणार आणि मग दोघं आपापल्या पंख्याचा आवाज ऐकत बसणार. त्यापेक्षा कागद बरा. तो मध्येच तोडून बोलत नाही.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. (हे असं पत्रात लिहायचंच असतं.) अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. हस आता. गॅरेज सोडलं, कुरिअर सोडलं, मालट्रक सोडला, हे मात्र सुटलेलं नाही. तू म्हणायचीस, ही भिंगरी एका जागी थांबली तर मी नाव बदलीन. नाव शोधायला लाग. गंमत म्हणजे इथंही सगळे मला भिंगरीच म्हणतात. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच शोधून काढलं.

गाडीत माझ्याबरोबर एक मदतनीस असतो. नाडी बघणं, ऑक्सिजन लावणं हे त्याचं काम. त्याला आम्ही अर्धा डॉक्टर म्हणतो. उरलेला अर्धा बायकोनं काढून घेतला, असं तो स्वतःच सांगतो.

आता नवीन बातमी. मला ठाण्यावर (पोलिसांच्या नव्हे, अ‍ॅम्ब्युलन्स आणि आगीचे बंब उभे असतात त्या) 'सोबती' केलंय. म्हणजे काय ते सांगतो. आमच्या कामात माणसं आतून खचतात आणि बाहेरून इस्त्री मोडत नाही. मागच्या वर्षी आगीच्या बंबावरचा एक चांगला दणकट गडी जळालेल्या घरासमोर बंबातून खाली उतरेचना. दारावर हात ठेवून नुसता बसून राहिला. त्यानंतर वरून हुकूम आला, की दर ठाण्यावर आपल्यातलाच एक जण नेमा. डॉक्टर नको, साहेब नको. ज्याला त्रास होतोय त्याच्याजवळ त्यानं जाऊन बसायचं. आमच्या साहेबांनी माझ्याकडं बोट केलं, "हा नाहीतरी दिवसभर बडबडतो. याला बसवा."

शिकवायला आग विझवण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आले होते. एक कान गेलेला. आम्हाला सगळ्यांना बघून पहिलं वाक्य काय बोलले, तर "सगळे बोलणारेच निवडलेत की." मग म्हणाले, ऐका. उपदेश करू नका. आणि दिलासा म्हणूनसुद्धा खोटं बोलू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. माहीत असेल आणि तोंडातून निघत नसेल तर सांगवत नाही म्हणा. तिसरं काही म्हणू नका.

मी जोरजोरात मान हलवली. मान हलवायला शाळा लागत नाही.

असो. सहज लिहिलं. काम काही नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. शिलाई मशीनपाशी अंधारात बसत जाऊ नकोस.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

ताई,

काम नाही असं लिहिलं होतं. काम आहे.

आमच्या ठाण्यावर वरच्या मजल्याला कंट्रोल आहे. तिथं माणसं कानाला हेडफोन लावून बसतात. कुणाच्या घरी कुणी पडलं, भाजलं, बुडालं की पहिला फोन त्यांना. आमची गाडी पोचेपर्यंत त्या घाबरलेल्या माणसाला फोनवर धरून ठेवायचं, काय करायचं ते सांगत राहायचं. आम्ही घरात शिरलो की पहिलं काम म्हणजे जमिनीवर पडलेला तो फोन कट करायचा. वरची बाई त्यातून मोठ्यानं बोलत असते आणि आम्हाला एकमेकांचं ऐकू यायला हवं असतं. झालं. वरच्यांना पुढचं काही कळत नाही. लगेच दुसरा फोन. दिवसभर गोष्टी ऐकायच्या आणि एकीचाही शेवट नाही.

आणि विचारायचंही नाही. वरच्यांनी विचारायचं नाही, खालच्यांनी सांगायचं नाही. कुठं लिहिलेलं नाही, रीत आहे. शेवट कळायला लागले तर त्या खुर्चीत कुणी टिकणार नाही, असं जुनी माणसं म्हणतात.

तिथं एक बाई आहे. चाळिशी ओलांडलेली, टेबलाखाली चपला काढून बसणारी. आवाज असा की दगडाला झोप लागावी. आम्हा ड्रायव्हर लोकांना मात्र सोडत नाही. "भिंगरी, डावीकडे म्हणजे ज्या हातात घड्याळ आहे तो हात. घड्याळ नसेल तर तसं सांग, दुसरी गाडी पाठवते." सगळे तिला ताई म्हणतात. मी बाई म्हणतो. का, ते तुला सांगायला नको.

जानेवारीत एक कॉल होता. एक कॉलेजची मुलगी आणि तिचे वडील, घरात दोघंच. वडील स्वयंपाकघरात ओट्याजवळ कोसळले. बाईनं त्या मुलीला छाती दाबायला लावली आणि फोनवरून ताल धरला, एक, दोन, तीन, चार. आम्ही शिरलो तेव्हा पोरगी घामानं निथळत होती पण हात थांबले नव्हते. मी फोन कट केला आणि तिला बाजूला सारून दाबायला लागलो. अर्ध्या डॉक्टरनं नाडी पाहिली, माझ्याकडं पाहिलं. मी समजलो. तरी दवाखान्यापर्यंत दाबत नेलं. मुलगी पुढं माझ्या शेजारच्या सीटवर… नाही, मी तर मागं होतो, गाडी अर्धा डॉक्टर चालवत होता. बघ, मला हेसुद्धा धड आठवत नाही. असं माझं कधी होत नाही.

वडील गेले.

त्यानंतर बाईचं बिनसलं. ती फोन सोडेना. गाडी पोचली तरी "हॅलो, आहात ना? हॅलो" करत राहायची आणि दुसरे फोन ताटकळायचे. साहेब मला म्हणाले, "जा, बस तिच्याजवळ. सोबती ना तू?"

दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्यावर जाऊन बसलो. ती डबा मांडीवर घेऊन बसली होती, झाकण न उघडता. मी आजोबांचं ऐकून गप्प होतो. किती वेळ गप्प होतो म्हणून सांगू, माझं मलाच नवल वाटलं. मग तीच बोलली.

"ती स्वयंपाकघरातली मुलगी. तुमचीच गाडी होती ना?"

"हो."

"मोजता मोजता फोन गेला. मी तरी मोजतच होते. रिकाम्या लाईनवर." मग म्हणाली, "तिनं सोडून दिलं का रे?"

"नाही, नाही. शेवटपर्यंत दाबत होती."

"मग वडील?"

ताई, आजोबांनी दोन वाक्यं दिली होती. माहीत नाही. सांगवत नाही. दोन्ही जिभेवर होती.

मी म्हणालो, "वाचले, बाई."

ती रडली नाही, हसली नाही. डबा उघडला आणि जेवायला लागली. इतक्या दिवसांची भूक असावी तशी, मान खाली घालून. मी शेजारी बसून बघत होतो आणि मला वाटत होतं की मी केवढं चांगलं काम केलं.

तुझा


४ मार्च

ताई,

एका खोट्याला किती पाय फुटतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई सुधारली. चपला काढून, पाय पसरून पहिल्यासारखी बसते. साहेब खूश. बाजूच्या ठाण्याच्या साहेबांना म्हणाले, "आमचा सोबती बघा, शाळेत नापास आणि इथं पास." पण बाई मला जिन्यात, अंगणात, दिसेल तिथं विचारते. कुठल्या दवाखान्यात आहेत? मी म्हणालो घरी सोडलं. चालतात का? हळूहळू. मुलगी? कॉलेजला जाते. ताई, तो माणूस माझ्या डोक्यात आता काठी घेऊन हिंडतो. त्याला मी मफलरसुद्धा दिलाय.

परवा अर्ध्या डॉक्टरनं हे ऐकलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "कोण चालतंय हळूहळू?"

मी सांगितलं.

त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "भिंगरी, तू त्या माणसाला जिवंत केलंस. आता त्याला मारणार कोण?"

"राहू दे की जिवंत. कुणाचं काय जातंय?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का रे?"

मी रेडिओचा आवाज मोठा केला.

पण काल काही कागद द्यायला वर गेलो होतो. बाई फोनवर होती. कुणाला तरी छाती दाबायला लावत होती, तोच ताल, तोच आवाज. आणि मध्येच म्हणाली, "थांबू नका. परवाच एका मुलीनं असंच केलं आणि तिचे वडील वाचले. तुमचंही माणूस वाचेल."

ती असं कधीच बोलत नसे. वाचेल, असा शब्द कंट्रोलमध्ये कुणी उच्चारत नाही. दाबत रहा म्हणतात, गाडी येतेय म्हणतात, बास. तो शब्द मी तिला दिला होता आणि ती तो आता फोनवर येईल त्याला वाटत होती.

खाली आलो. तेव्हापासून वरून फोनची घंटा ऐकू आली की वाटतं, आता तिनं पुन्हा सांगितलं असेल. तिला खरं सांगितलं तर ती पुन्हा त्या जिन्यावर, झाकलेल्या डब्यासमोर. नाही सांगितलं तर… पुढं विचारच जात नाही माझा.

तुला का लिहितोय, ते आता तरी कळलं असेल. तीन वर्षांपूर्वी तू मला फोनवर सांगितलंस, "बाबांना बरं नाही, निघून ये. घाबरू नकोस, बोलतायत. तुझी आठवण काढतायत." मी रात्रभर प्रवास केला. वाटेत शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला बाबांचे किस्से सांगितले. बाबांसाठी मऊ तळव्याच्या चपला घेतल्या. आणि दारात आलो तर ओसरीवर ही गर्दी. तू फोन केलास तेव्हाच ते गेलेले होते. सगळ्यांसमोर मी तुला काय काय बोललो, ते पुन्हा लिहीत नाही. त्यानंतर तुझ्याशी एक शब्द नाही.

मला एवढंच विचारायचंय. तो फोन ठेवल्यावर तू काय केलंस? लगेच दुसऱ्या कामाला लागलीस? बसलीस? मी पोचेपर्यंतचा वेळ तू कसा काढलास?

टोमणा नाही मारत. खरंच विचारतोय.

भिंगरी


१३ मार्च

ताई,

परवा तुझा फोन आला. मी गाडीवर होतो असं लिहिणार होतो. गाडीवर नव्हतो. कॉटवर बसलो होतो, फोन हातात होता, तुझं नाव त्यावर दिसत होतं आणि तो वाजून वाजून थांबेपर्यंत मी बघत राहिलो. नाही उचलवला.

रागावली असशील. पण आत्ता दुसरंच आभाळ कोसळलंय.

आज दुपारी ठाण्याच्या फाटकाशी एक माणूस आला. पन्नाशीचा असेल. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी अंगणात गाडी धूत होतो. त्यानं मलाच विचारलं, "ती फोनवरची बाई कुठं बसते?"

मी म्हणालो, "काय काम आहे, काका?"

"मला तिला काहीतरी विचारायचंय."

वर सोडायची परवानगी नाही म्हटलं. मग तो माझ्याशीच बोलला. त्याची बायको गेली. बाईनं फोनवर सांगितलं तसं तो छाती दाबत होता. "ती म्हणाली, एका मुलीनं असंच केलं आणि तिचे वडील वाचले. तुमचंही माणूस वाचेल." मग त्यानं आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले, पालथे, मग उताणे. "मी ती सांगेल तसंच केलं हो. मग त्या पोरीला जमलं ते मला का नाही जमलं? माझे हात कुठं चुकले, एवढंच मला विचारायचंय."

नळ चालू होता, पाणी माझ्या बुटात जात होतं.

तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं गं. शिव्या दिल्या असत्या तर खाल्ल्या असत्या. तो हात दाखवत होता.

साहेब बाहेर आले, त्याला आत नेलं, पाणी दिलं. त्यानं सगळं सांगितलं. तक्रार नाही म्हणाला, पण साहेबांना आता ती लिहून घ्यावीच लागली. फोनवर वचन देणं हा आमच्याकडं मोठा गुन्हा आहे. उद्या सकाळी बाईची चौकशी. खुर्ची जाऊ शकते. तिच्या घरी कमावणारी ती एकटीच.

संध्याकाळी ती मला जिन्यात भेटली. चेहरा पांढरा, पण ताठ. "मी खोटं काही बोललेले नाही. वाचले ते वाचले. तू आहेस की सांगायला."

मी म्हणालो, "हो."

पुन्हा हो. जीभ झडली का नाही माझी.

आता ऐक. माझी बॅग भरलेली आहे. मालट्रकवाल्या जुन्या मालकाला फोन केला होता, तो म्हणतो कधीही ये. सकाळी चौकशीच्या आधी निघालो तर पुढच्या गावाच्या नाक्यावर ट्रक मिळेल. भिंगरीला काय, दोरी ओढली की फिरली. मी नसलो तर बाई म्हणेल ड्रायव्हरनं सांगितलं होतं, साहेब म्हणतील कुठाय ड्रायव्हर, आणि त्या माणसाचे हात तसेच राहतील, पालथे, उताणे.

हे पत्र आत्ताच टाकून येतो. टाकलं की तुला ठाऊक होईल मी काय करणार होतो. मग पळायचं झालं तरी तुझ्या डोळ्यांदेखत पळावं लागेल.


१७ मार्च

ताई,

गेलो नाही.

चौकशीच्या सकाळी बाई ड्युटीवर यायच्या आधी फाटकापाशी उभा राहिलो. ती आली, मला बघून म्हणाली, "आज गाडी इकडं लावलीस की स्वतःलाच?"

"बाई, दोन मिनिटं. जिन्यावर."

"चौकशीनंतर."

"चौकशीच्या आधी."

जिन्यावर बसलो. आदल्या दिवसापासून मी वाक्यं जुळवत होतो. सगळी आडवी पडली. म्हणालो, "ते वाचले नव्हते. आम्ही पोचलो तेव्हाच गेलेले होते. मी खोटं बोललो."

खालून कुणी तरी बंबाचा हॉर्न वाजवून बघत होतं. मला वाटलं आता ओरडेल, मारेल. मार खायची तयारी होती माझी.

"चालायला लागले म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"कॉलेजला जाते म्हणालास."

"ती जात असेल. मला माहीत नाही."

"फोन कुणी कट केला?"

हे विचारेल असं वाटलं नव्हतं. म्हणालो, "मी."

"काही बोललास? कट करायच्या आधी?"

"नाही. आम्ही कुणीच बोलत नाही. सरळ…"

"मला वाटत राहिलं तिनं फेकला. किंवा तिचे हात गळाले. किंवा मी काही चुकीचं बोलले आणि ती घाबरली." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला वडील कसे आहेत ते नव्हतं रे विचारायचं. ते विचारायची आपल्याकडं रीतच नाही. मला एवढंच हवं होतं, की माझ्या हातातलं कुणाच्या तरी हातात गेलं का. पण ते विचारायचं कसं, ते येईना. म्हणून वडील विचारले. आणि तू मला आख्खा माणूस चालवून दाखवलास."

उठली, साडी झटकली आणि चौकशीला गेली.

दाराबाहेरून मला ऐकू येत होतं. ती साहेबांना सांगत होती, "वचन मी दिलं. चूक माझी. मला कुणी काय सांगितलं त्याचा संबंध नाही." माझं नावही घेतलं नाही तिनं. ताई, ते ऐकवेना. न विचारता आत घुसलो आणि सगळं बोललो, जिन्यापासून मफलरपर्यंत. साहेब आधी लाल झाले, मग नुसते थकले. म्हणाले, "तू बडबड्या आहेस म्हणून तुला निवडला. ती चूक माझी."

बाईची खुर्ची वाचली, पण काही दिवस हेडफोन नाही. खाली गाड्यांच्या नोंदीला बसवलंय. माझं सोबतीचं काम काढून अर्ध्या डॉक्टरला दिलं. अर्ध्या डॉक्टरचा पहिला माणूस मीच. गाडीत बसलो की विचारतो, "झोपलास का?" मी म्हणतो, सांगवत नाही. तो म्हणतो, "चालेल," आणि पुढचं काही विचारत नाही. मला आधी वाटायचं, हा आळशी आहे. नाही. हेच ते काम.

साहेबांनी मला आणि अर्ध्या डॉक्टरला त्या काकांकडं पाठवलं. मी दारातच सांगितलं, "ज्या मुलीचे वडील वाचले असं तुम्हाला सांगितलं, ते वाचले नव्हते. ते खोटं माझं होतं, बाईचं नाही." अर्ध्या डॉक्टरनं त्यांच्याकडं गेलेल्या गाडीवरच्यांना आधीच विचारून ठेवलं होतं; त्यानं समजावलं की दाबायचं तसंच दाबलं होतं, हात बरोबर होते, पण काही हृदयं कुणाच्याच हातानं परत येत नाहीत.

काका दाराला धरून उभे होते. त्यांनी आत या म्हटलं नाही. मला वाटलं दार लावतील. तर म्हणाले, "म्हणजे दोघंही गेले?"

"हो."

"मग त्या पोरीला कुणी सांगितलं का, तिचे हात बरोबर होते म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आलो. ती काय म्हणाली ते तिचं आहे, लिहीत नाही.

बाई माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

तुझा


९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. मापं घ्यायच्या कागदाच्या पाठीवर लिहिलंयस, पुढं कुणाच्या तरी बाहीचं माप. दोनच ओळी. "फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. रस्ताभर तू एकटा असणार होतास, मला शेजारी बसता येत नव्हतं, म्हणून बाबांना तुझ्याबरोबर पाठवलं."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा राग आला, खरं सांगतो. म्हटलं, हिला अजून कळत नाही. बाकी सगळे ते गेले म्हणून रडत होते, मी कुठं तरी चपलांच्या दुकानात घासाघीस करत होतो. कागद चुरगाळला. मग सरळ केला. ते खोटंच होतं, ताई, आणि तू ते करायला नको होतंस. आणि त्या रस्त्यावर बाबा माझ्याबरोबर होते, हेही आहे. त्या म्हाताऱ्याला किस्से सांगून मी असा हसवत होतो की पुढच्या सीटवरचे वळून बघत होते. या दोन्ही गोष्टी मला एका खिशात ठेवता येत नाहीत. तू शिवतेस, तुला जमेल कदाचित.

इकडचं सांगतो. बाई परत हेडफोनवर बसली. बसायच्या आधी सकाळी पाळी बदलायच्या वेळी खाली अंगणात आली. सगळे ड्रायव्हर, मदतनीस, बंबवाले उभे होते. म्हणाली, "एक सांगायचंय. घरात शिरलात की फोन कट करायच्या आधी तो उचलायचा आणि एक वाक्य बोलायचं. आम्ही आलोय, आता आम्ही बघतो. एवढंच. पुढचं सांगू नका. खरं सांगू नका, आणि खोटं…" इथं ती थांबली. माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्यांनी मात्र बघितलं.

एक जुना ड्रायव्हर कुरकुरला, "तेवढा वेळ कुठं असतो बाई तिथं?"

"मिशा कुरवाळायला असतो ना? त्यातला द्या."

हशा झाला. साहेबांनी काही हुकूम काढला नाही, नकोही म्हणाले नाहीत. पहिले दोन-तीन दिवस कुणी बोललं, कुणी विसरलं.

आज सकाळी आम्हाला कॉल आला. कापडाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दुकानदार पडलेला. त्याचा भाऊ छाती दाबत होता. कापडाचे तागे सगळीकडं घरंगळलेले, फोन कुठं दिसेना. बाईचा आवाज मात्र येत होता, एक, दोन, तीन, चार, संथ, जरासुद्धा न चुकता. एका ताग्याखाली सापडला. अर्धा डॉक्टर ओरडला, "भिंगरी, लवकर!" अंगठा सवयीनं लाल बटणावर गेला होता. तो उचलला, फोन तोंडाशी धरला आणि म्हणालो, "आम्ही आलोय. आता आम्ही बघतो."

मोजणं थांबलं. पलीकडं एक श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "घ्या." आणि तिनंच कट केला.

भावाला बाजूला घेतलं आणि दाबायला बसलो.

तो दुकानदार वाचला की नाही, हे तुझ्या ओठांवर आलं असेल. मी इथं लिहीत नाही. तुला जाणून घ्यायचं असेल तर फोन कर. मी उचलीन आणि जे झालं तेच सांगेन. मग मी तुला आपल्या घरातलं विचारीन, अगदी बाबा गेले त्या सकाळपासूनचं, आणि तूही तसंच सांग.

तुझा भाऊ